दुधाचा दात

चौदा नंबरच्या कपाटात वरच्या खणात काटेरी उंदीर,
खालच्या खणात झाडावरची साळिंदरं.
मधल्या खणात तो एकटा.
त्या खणाला चिठ्ठी नाही. दोनदा लावली, दोनदा उपटली,
गोंदाचा पिवळा चट्टा तेवढा राहिलाय.

मी अमान्सियो, कवट्या साफ करतो.
म्हणजे मांस किडे खातात, मी किडे पाळतो.
एका कवटीला नऊ दिवस,
पावसाळी हवेत अकरा.

डॉक्टर ओदीलिया सांगायच्या :
काट्यांवर जाऊ नकोस, अमान्सियो,
काटे काय, कुणालाही फुटतात.
जबडा उघड.
दाढांच्या पुढे ही उपदाढ, दिसली?
काटेरी उंदराची ही दुधाचीच असते, आणि पडत नाही,
आईच्या अंगावर असताना आलेली
तीच घासत घासत तो म्हातारा होतो.
साळिंदराची पडते. खालून पक्की येते.

आणि ह्याची?

ह्याच्या आमच्याकडे सहा कवट्या, सगळ्या म्हाताऱ्यांच्या,
दात झिजून बशीसारखे सपाट.
भिंग लावलं, दिवा तिरका धरला,
झिजलेला दात काही कबूल करत नाही.
डॉक्टर ओदीलियांचे केस पिकले त्या खणापाशी.

मग कोकोच्या बागेतून जेनिवाल्दो आला,
तांदळाच्या गोणीत पिल्लू घेऊन.
कुत्र्याने धरलं, म्हणाला, मी पोचेपर्यंत गेलं होतं.
पाठीवरचे केस राठ, नागमोडी,
टोचतील असं वाटतं, टोचत नाहीत.
बरोबर त्याची लेक, लुझिनेती, सात वर्षांची,
जिभेने सारखी एक दात हलवत.
हा काय खायचा? तिने विचारलं.
पानं, मी म्हणालो. रात्री. सावकाश.
मग कुत्र्याला सापडणारच, ती म्हणाली.

संग्रहालयाचं क्ष-किरण यंत्र मार्चपासून बंद.
आम्ही गावातल्या दातांच्या दवाखान्यात गेलो,
पुठ्ठ्याच्या खोक्यात डोकं घेऊन,
रांगेत सहावे.
शेजारच्या बाईने गालावरचा रुमाल काढून
खोक्यात डोकावून पाहिलं, आणि खुर्ची बदलली.

फिल्म अजून ओली होती.
डॉक्टर ओदीलियांनी ती खिडकीच्या उजेडात धरली.
दुधाच्या दाताखाली, हाडाच्या कोनाड्यात,
दुसरा दात बसलेला होता.
अंग चोरून. पांढरा.
वरचा उठायची वाट बघत.

साळिंदर, त्या म्हणाल्या.
एवढंच. आणि खाली बसल्या.

दंतवैद्य तार्सिज्यू खुशीत होता.
ये, तुझीही काढतो, फुकट, म्हणाला.
माझी डावीकडची एक दाढ लहान आहे,
आजवर कुणी विचारलं नव्हतं.
दुधाची आहे, तो म्हणाला. एकोणपन्नासाव्या वर्षी!
खाली काही नाही. बीजच नाही.
जप तिला.
डॉक्टर ओदीलिया हसल्या,
कपाट चौदा, अमान्सियो, वरचा खण.

मीही हसलो.
पेर्पेतुआबाईंच्या घरी मला कुणी आणून ठेवलं
ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
शाळेत त्यांचं आडनाव लागलं.
तात्पुरतं, असं त्या म्हणाल्या होत्या.
अजून तेच आहे.
त्यावर पगार मिळतो, त्याच नावाने बोलावतात,
आणि त्यानेच मी चावतो, असं म्हटलं तरी चालेल.

चिठ्ठी मीच लिहिली, काळ्या शाईने.
सहा म्हातारे आणि ते पिल्लू खालच्या खणात सरकवले.
लुझिनेतीचा दात त्याच आठवड्यात पडला,
कौलांवर फेकला म्हणे, पण घरंगळून परत आला,
तर जेनिवाल्दोने तो कागदात बांधून माझ्याकडे पाठवला,
तुमच्या कामाचा असेल तर.

नोंदवहीत त्याला रकाना नाही.
मधला खण आता रिकामा असतो.
दुपारी मी माझा डबा तिथे ठेवतो,
आणि तो कागद.